केशरबाईचे शंभर दाणे

"बघा तुमचं ब्याण्णव!"

असं म्हणून गावातल्या मल्लिकार्जुननं ज्वारीच्या रोपांची जुडी आमच्या ओट्यावर आपटली, तेव्हा मी अंगणवाडीला निघाले होते आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. रोपं बोटभर उंचीची, पिवळी पडलेली, मान टाकलेली. माती सगळी माझ्या धुतलेल्या ओट्यावर. सकाळी सकाळी माझं डोकंच फिरलं.

"दाजी, भांडायचं तर भांडा, पण ओटा आत्ताच धुतलाय," मी म्हणाले.

"ओट्याचं काय घेऊन बसलीस! माझी दोन एकर ज्वारी बसली. केशरबाई, बाहेर या."

एरवी हा माणूस माझ्या सासूला मावशी म्हणतो. आज एकदम केशरबाई! म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

माझ्या सासूबाईंचं कौतुक मी सहसा करत नाही, कारण त्यांना ते लगेच चढतं. पण इथं सांगावंच लागेल. केशरबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरून चार किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या रानात मजुरी केली. खळ्यावर कणसं निवडताना कुठलं बियाण्याला ठेवायचं, कुठलं दळायला द्यायचं, हे त्यांना एका नजरेत कळायचं. मग कृषी खात्यानं एकदा गावात येऊन सोयाबीनच्या उगवणीची चाचणी करून दाखवली. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं, आणि तीन-चार दिवसांनी शंभरातले किती उगवले ते मोजायचं. बाकीच्या बायका तो कार्यक्रम चहाबिस्किटासाठी बघून घरी गेल्या. आत्यांनी त्याच दिवशी घरातलं गोणपाट भिजवलं.

तेव्हापासून सोयाबीन असो, ज्वारी असो की गहू, पेरणीआधी लोक मूठभर बी रुमालात बांधून आमच्या दारात येतात. आत्या 'शंभरात ब्याण्णव' म्हणाल्या की माणूस निर्धास्त पेरतो. 'शंभरात साठ' म्हणाल्या की ते पोतं गिरणीत जातं. त्याचे त्या काही घेत नाहीत. मी म्हणायचे, आत्या, निदान चहापत्ती तरी मागा. तर म्हणायच्या, "गावात पाटलाला इचारत न्हाईत, मला इचारतेत. आजून काय पायजे?"

तर ज्या एका गोष्टीवर या बाईचं सगळं पोट भरायचं, तीच आज ओट्यावर पिवळी पडून होती.

आत्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. जुडी उचलली, उलटसुलट केली.

"बी चांगलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्या सोता मोजलंय. तुझ्या रानातच खोट आसंल."

"माझ्या रानात? माझा आजा पिकवायचा त्या रानात! तवापासनं कधी ज्वारी मेली न्हाय."

"मग यंदा मेली. पाऊस काय कमी झाला व्हय? सडलं आसंल रान."

"रान न्हाय सडलं, तुमचा आकडा सडलाय!"

झालं! दोघांचे आवाज असे चढले की समोरच्या गल्लीतून माणसं गोळा झाली. मी मधे पडायला गेले तर दोघंही माझ्यावरच ओरडले. शेवटी मल्लिकार्जुन जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ज्यांनी ज्यांनी केशरबाईकडनं मोजून आणलंय, त्यांनी इचार करून पेरा बाबांनो."

हे बोलणं जिव्हारी लागलं. कारण पेरायचे अजून चार जण बाकी होते. यंदा पावसानं घटस्थापनेपर्यंत पाठ सोडली नाही. ज्यांची रानं उंचावर त्यांना वाफसा आधी आला, म्हणजे माती पेरण्याइतकी सुकली, त्यांनी पेरलं. मल्लिकार्जुन त्यातलाच. ज्यांची रानं खोलगट, ते अजून चिखल सुकायची वाट बघत होते. आठ-दहा दिवसांत त्यांना पेरावंच लागणार होतं. पुढं ओल खाली गेली की रब्बी ज्वारीचं नाव काढायचं नाही. आणि आता त्या चौघांना कळेना, की केशरबाईचा आकडा धरायचा की सोडायचा.

आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. थापलेल्या भाकरी तशाच राहिल्या. माझा नवरा अमरदीप तुळजापूर डेपोला कंडक्टर. कोजागरीच्या गर्दीमुळं त्याची जादा ड्युटी, घरी यायचा पत्ता नाही. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

"आत्या," मी म्हणाले, "भांडून काय होणार? बी खोटं की रान खोटं, लावून बघू की."

"कसं?"

मी धाराशिवच्या कॉलेजात बारावी सायन्स केलंय. त्याचा उपयोग आजवर अंगणवाडीतल्या पोरांचं वजन करण्यापलीकडं झाला नव्हता. मी एकदम तावात आले. तेलाचे तीन डबे कापले. एकात मल्लिकार्जुनच्या रानातली माती, दुसऱ्यात आमची, तिसऱ्यात पुन्हा त्याचीच माती, पण तव्यावर चांगली भाजून. मातीत रोगाची बुरशी असली तर भाजल्यावर मरेल, हा माझा हिशोब. तिन्ही डब्यांत त्याचंच घरात उरलेलं कोरडं बी. माती आणायला मी गेले तेव्हा मल्लिकार्जुन बांधावर उभा राहून म्हणाला, "न्या न्या, खाऊन बघा."

"मीठ कमी असलं तर कळवते," मी म्हणाले.

आमच्या भागाची कृषी सहायक गौरी. चुणचुणीत पोरगी, स्कूटीवरून वीस गावं हिंडते. तिला रोपांचे फोटो पाठवले. तिचा लगेच फोन, "ताई, मुळं बघा. मुळं कुजलीत. ही मूळकूज आहे, मातीतल्या बुरशीनं होते. यंदा पाऊस जास्त, त्यामुळं असेल."

आत्यांनी ते ऐकलं आणि मला म्हणाल्या, "बघ! म्या म्हणत हुते!" रात्री पोटभर जेवल्या.

पाचव्या दिवशी डबे बघितले. मल्लिकार्जुनच्या मातीत रोपं तरारली होती. आमच्या मातीत तरारली होती. भाजलेल्या मातीतही तरारली होती! तिन्ही डबे हिरवेगार!

मी डोक्याला हात लावला. म्हणजे बी खरं आणि मातीही खरी. मग ज्वारी मेली कशानं?

कुणी दुसरी असती तर डबे उचलून मल्लिकार्जुनच्या नाकासमोर धरले असते, बघ माझं बी उगवलं म्हणून. आत्यांनाही तो मोह झाला असणार, कारण त्या दोन डबे घेऊन उंबऱ्यापर्यंत गेल्याच होत्या. तिथून परत फिरल्या. ओट्याच्या कोपऱ्यात ती मेलेली जुडी वाळून पडली होती. तिच्यातलं एक रोप घेतलं, डब्यातलं एक उपटलं आणि दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

"श्रावस्ती, हिकडं ये. हे बघ."

डब्यातल्या रोपाची मुळी पांढरी, लांब, तिला बारीक बारीक फाटे. मेलेल्या रोपाची मुळी आखूड, टोकाला तपकिरी, फाटे नाहीतच.

"ही मुळी वाडलीच न्हाय," आत्या म्हणाल्या. "कुजली नंतर. आधी आखडली. काय तरी झालंय हिला, मातीत पडायच्या आगुदर."

आणि तशाच उठून निघाल्या. मी चपला शोधेपर्यंत बाई मल्लिकार्जुनच्या गोठ्यात पोचल्यासुद्धा. तो म्हशीला चारा टाकत होता. आत्या भांडायला आल्या असं समजून त्यानं बाह्या सावरल्या.

"भांडाय न्हाय आले," आत्या म्हणाल्या. "बी घरातनं काढल्यापासनं रानात पडंपर्यंत काय काय केलंस ते समदं सांग. एक बी गोष्ट सोडू नगंस."

"काय सांगायचं? तुमी सांगितलंय तसंच केलं की."

"म्या काय सांगितलंय?"

"आदल्या रात्री आंबोणाच्या पाण्यात भिजवायचं, सकाळी सावलीत सुकवायचं, मग पेरायचं. उकळलेलं पाणी, घाण न्हाय, रोग न्हाय, वर पेजेची ताकद. तुमचंच बोलणं हाय. समदं गाव तसंच करतंय."

आंबोण म्हणजे दुभत्या जनावरासाठी मका, सरकी शिजवून करतात ते. पूर्वी लोक हौदातल्या गढूळ पाण्यात बी भिजवायचे आणि त्याला बुरशी धरायची. आत्यांनीच कधीतरी आंबोणाचं वरचं पाणी गाळून वापरायची युक्ती काढली होती. तीन-चार वर्षं ती झकास चालली होती.

गोठ्याच्या कोपऱ्यात मक्याच्या कणसांचा ढीग होता, आत्या तिकडं गेल्या. मीही गेले. कणसांवर गुलाबी गुलाबी बुरशी! दाण्यांच्या मधे कापसासारखी भरलेली. पावसात भिजलेला मका, यंदा सगळ्यांचाच तसा झाला होता; आधी पेरणाऱ्या बाकीच्यांकडं गेल्या वर्षीचा मका शिल्लक होता, म्हणून ते वाचले. माणसाला खायला नको, बाजारात कुणी घेईना, म्हणून शिजवून जनावराला.

"ह्याचंच पाणी व्हय?" आत्यांनी विचारलं.

"ह्याचंच. बुरशी हाय, पर उकळल्यावर काय ऱ्हातंय मावशी? मरून जाती की." बोलण्याच्या भरात त्याच्या तोंडून मावशी निघून गेलं. "म्हस मातर तोंड फिरवती बघा. चार दिवस झाले, नुसतं हुंगून सोडून देती."

म्हशीला कळलं आणि आम्हाला नाही!

आत्यांनी पदरात चार कणसं घेतली. घरी येऊन एका पातेल्यात तो गुलाबी मका शिजवला, दुसऱ्यात आमच्या घरचा जुना, स्वच्छ मका शिजवला. दोन्हीचं पाणी गार करून, दुहेरी फडक्यातून गाळून घेतलं. तिसऱ्या भांड्यात नुसतं प्यायचं पाणी. तिन्हीत ज्वारीचे शंभर-शंभर दाणे रात्रभर. सकाळी तीन गोणपाटं. मी प्रत्येकावर खडूनं खूण केली. आत्या म्हणाल्या, "खुणा कशाला? माझ्या ध्येनात ऱ्हातंय." मी म्हणाले, "तुमच्या ध्यानावर गाव विश्वास ठेवायचं बंद झालंय." बोलून गेले आणि जीभ चावली. पण आत्या हसल्या.

ते तीन दिवस आमच्या घरात धड स्वयंपाक झाला नाही. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मनात गोणपाटच. आत्या तर दर तासाला पाणी शिंपडायला जायच्या आणि हळूच कोपरा उचलून बघायच्या. मी पकडलं की म्हणायच्या, "वलं हाय का बघत हुते." साफ खोटं! मीही दोनदा बघितलं, पण मी कबूल केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी उजाडलं तसं गोणपाटं उघडली.

साध्या पाण्याचं पहिलं. ब्याण्णव! अगदी ब्याण्णव! मी टाळीच वाजवली.

स्वच्छ मक्याच्या पाण्याचं दुसरं. त्र्याण्णव.

गुलाबी मक्याचं तिसरं. आत्या मोजत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. अठ्ठ्याऐंशी.

"उगवलंय की गं," त्या म्हणाल्या. "म्हंजे पाण्यात बी काय न्हाय."

"आत्या, कोंब नका बघू. मुळी बघा. उचला एक!"

त्यांनी पहिल्यातलं एक उचललं. मुळी बोटाएवढी लोंबत होती. तिसऱ्यातलं उचललं. मुळी तांदळाच्या दाण्याएवढी, टोक तपकिरी. दुसरं उचललं, तसंच. तिसरं, चौथं, दहावं, सगळी तशीच! वरून कोंब हिरवा, खालून मुळी जळालेली.

आत्या ओरडल्या. अहो, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली इतक्या मोठ्यानं ओरडल्या.

"सापडलं! श्रावस्ती, सापडलं गं! बुरशी मेली, पर जाताना ईख, जहर सोडून गेली!" माझे दोन्ही दंड धरून त्यांनी मला गदागदा हलवलं. चौसष्ट वर्षांची बाई, नाचायचीच बाकी होती. मीही हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कशाचं ते विचारू नका.

मी गौरीला फोन लावला. ती अर्धवट झोपेत होती, ऐकता ऐकता खडबडून जागी झाली. "ताई, फोटो काढा! पट्टी ठेवून काढा! अहो, बरोबर आहे. बुरशी उकळून मरते, पण तिनं दाण्यात सोडलेलं विष उकळण्यानं जात नाही. गुलाबी बुरशीचं तर नाहीच नाही. त्या विषानं मुळीची टोकं मारली. मग मातीतल्या साध्यासुध्या बुरश्या, ज्या धडधाकट मुळीला काहीही करू शकत नाहीत, त्या आत शिरल्या आणि रोप बसलं. मी नुसती कुजलेली मुळी बघून मातीला दोष दिला. चुकलंच माझं. आणि तो मका म्हशीला अजिबात देऊ नका म्हणावं!"

मी फोन ठेवला. आत्या खाली बसल्या होत्या. हसू गेलं होतं.

"श्रावस्ती," त्या म्हणाल्या, "आंबोणाचं पाणी म्याच सांगितलं हुतं."

मला ते तेव्हाच लख्खकन कळलं. आणि मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "आत्या, ते कशाला बोलायचं? मका खराब होता एवढंच सांगू. युक्ती कुणाची, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुमचा आकडा खरा ठरला, झालं की."

आत्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"आकडा खरा हुता," त्या म्हणाल्या. "सल्ला खोटा हुता. लोकांनी आकडा पेरला व्हय? त्यांनी माझं ऐकून पेरलं." मग एकदम ताडकन उठल्या. "आज वार कुठला गं?"

"बुधवार."

"आगं, चन्नबसप्पाची पेरणी! आज हाय! राती बी भिजवलं आसंल की गं त्यांनी!"

मग काय! तिसरं गोणपाट गुंडाळलं, आत्यांना माझ्या स्कूटीवर बसवलं आणि सुटले. ओढ्यातल्या चिखलातून गाडी कशी काढली, मला माहीत नाही. आत्या मागून पाठीत बुक्क्या मारत होत्या, "जोरात चालीव, जोरात!" त्यांच्या एका हातात गोणपाट, दुसऱ्या हातानं माझा खांदा. पडलो असतो तर दोघींचं हाड सापडलं नसतं.

चन्नबसप्पाअण्णा म्हणजे गावातलं जुनं मोठं घर. आत्यांनी त्यांच्याच रानात वीस वर्षं खुरपलं. आम्ही पोचलो तेव्हा बैल तिफणीला जुंपलेले, अण्णा टोपी सारखी करत बांधावर उभे, आणि गड्यानं भिजवून सुकवलेल्या बियाण्याची पाटी तिफणीजवळ आणून ठेवलेली.

आत्या गाडी थांबायच्या आधीच उतरल्या. "थांबा! आण्णा, थांबा! ते बी पेरू नगा!"

"का गं केशर? काय झालं?"

"ते खराब झालंय. ठिवून द्या बाजूला."

अण्णांनी पाटीकडं बघितलं, आत्यांकडं बघितलं. "तूच मोजलंयस. शंभरात नव्वद म्हणालीस. भिजवाय बी तूच सांगितलंस."

"व्हय, म्याच सांगितलं. आता म्याच सांगते, पेरू नगा!"

गडी हसायला लागला. अण्णा हसले नाहीत. "दरसाली आसंच करतोय आमी. यंदाच काय झालं?"

"यंदा मका गुलाबी हाय. त्यात ईख हाय. उकळून जात न्हाय ते. म्या म्हणत हुते उकळलं की समदं मरतंय. चुकीचं म्हणत हुते."

आणि आत्यांनी भर रानात, मातीवर गोणपाट उलगडलं. अण्णा वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. एक कोंब उचलला, मुळी बघितली. दुसरा, तिसरा. आरडाओरडा ऐकून आसपासच्या रानांतली माणसं जमली होती, शेजारच्या उंचावरच्या रानातला मल्लिकार्जुनही आला होता. तो गर्दीच्या मागं हाताची घडी घालून उभा.

आत्यांनी त्याला बघितलं. मला वाटलं, त्याच्याशी नंतर बोलतील, निवांत. छे!

"मल्लिकार्जुना, तुझं रान चांगलं हाय. तुझं बी चांगलं हुतं. तुझी दोन एकर माझ्या सल्ल्यानं गेली. समद्यांच्या म्होरं सांगते."

मल्लिकार्जुननं खाली वाकून एक कोंब उचलला, नखानं मुळीचं तपकिरी टोक खुडलं, आणि निघून गेला.

अण्णा सावकाश उठले. "बरं. ही पाटी बाजूला. पर आता बी कुठलं आणू? घरातली बाकीची ज्वारी गेल्या आठवड्यात दळून आणली. उद्या-परवा वाफसा जाईल."

"आमच्यात हाय आठ किलो," आत्या म्हणाल्या. "कोरडं हाय, त्येला पाणी लागलेलं न्हाय. शंभरात चौऱ्याण्णव."

मी म्हणाले, "आत्या!" आमच्या दोन एकरांचं बी होतं ते. जमिनीचा तेवढाच तुकडा आहे आम्हाला. वर्षाच्या भाकरीची ज्वारी.

"आपुन हरभरा पेरू," त्या म्हणाल्या. "त्येला आजून टाइम हाय. जा, गाडी काढ, घिऊन ये."

मी गेले. वाटभर मनातल्या मनात बाईशी कडाकडा भांडले आणि बी घेऊन आले. अण्णांनी कोरडंच पेरलं. राहिलेल्या तीन घरी आत्या त्याच दिवशी पायी गेल्या, प्रत्येक दारात गोणपाट उलगडलं, प्रत्येक दारात तेच सांगितलं, सल्ला माझा, चूक माझी. एका घरी त्यांना म्हणे ऐकवलं, आता तुमच्याकडं कोण येणार? आत्यांनी मला ते सांगितलं नाही. मला अंगणवाडीतल्या मदतनीस तुळजाबाईकडून कळलं. मी त्या घरी भांडायला निघाले होते, आत्यांनी दारातून ओढून आणलं.

त्यानंतर सहा दिवस आमच्या दारात कुणी आलं नाही. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली. दरवर्षी या दिवसांत आमच्या ओट्यावर पुरचुंड्यांची रांग असते. यंदा ओटा स्वच्छ. मी रोज धुवायचे आणि रोज माझा जीव जळायचा. अण्णांच्या रानात ज्वारी कशी एकसारखी उगवली, हे मी आत्यांना येता-जाता सांगायचे. त्या म्हणायच्या, "बरं झालं." तेवढंच. तिन्ही गोणपाटं धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर टाकून दिली होती.

सातव्या दिवशी सकाळी दारात पावलं वाजली. मल्लिकार्जुन! पायाला चिखल, पुन्हा माझ्या ओट्यावर. मी कंबर कसून पुढं झाले.

"काय दाजी, आता काय आपटायला आलात?"

त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"गहू हाय. मोडलेल्या ज्वारीच्या जागी पेरीन म्हणतो. मावशीला म्हणावं, मोजून द्या."

आत्या आतून ऐकत होत्या. दाराला धरून बाहेर आल्या.

"आरं, माझ्या शब्दानं तुझी दोन एकर गेली. आन् परत माझ्याकडंच?"

"गेली," मल्लिकार्जुन म्हणाला. "मला वाईट लई वाटलं. चार दिवस राग बी हुता. पर मावशी, मला जर तुमी सांगितलं नसतं तर शेवटी मला बी वाटलं असतं, रानच सडलं. म्या रान इकून टाकलं असतं एखाद दिवशी. गावात आपली चूक आपल्या तोंडानं सांगत हिंडणारं दुसरं कोण हाय? मग मी बी दुसऱ्या कुणाला दिऊ मोजाय?"

आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाल्या, "गोणपाट आण. आन् ह्या येळंला मुळी बी मोजायची. पट्टी आण तुझी."

मी माळ्यावरून गोणपाट काढलं, भिजवलं, पसरलं. आत्यांनी पुरचुंडी सोडली आणि गव्हाचे दाणे मांडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मल्लिकार्जुन समोर उकिडवा बसून बघत होता. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत त्यांचा आकडा चुकला.

"किती झाले?" त्यांनी मला विचारलं.

"छत्तीस," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, दाणे परत रुमालात ओढले, आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या.